घरच्या जेवणासह भारतदर्शन

९ नोव्हेंबर, गोडादरा, सुरत

चांपानेरची खेप आटोपून काल आलो. आज दुपारपर्यंत बस धुतली तरी वास जात नाही. मागच्या सीटवर कुणीतरी ओकलं, त्यावर वर्तमानपत्र टाकलं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने चलथाणला उतरून गेलं. खिडक्यांखाली माव्याच्या पिचकाऱ्या. सीटच्या फटीत शेंगांची टरफलं, लहान पोराचं डायपर, लोचो नावाच्या सुरती फराळाचा अर्धा खाल्लेला द्रोण. शिसारी आली.

आयुष्यभर प्रिंटिंग मिलमध्ये कलर मास्टर होतो. केमिकलच्या वासात पोट भरलं, पण अशी किळस तिथं कधी वाटली नाही. मिल बंद पडली तेव्हा ठरवलं, आता आपल्या माणसांना देश दाखवायचा. सुरतेतल्या आपल्या खान्देशी माणसाला दोनच रस्ते ठाऊक. एक पर्वत पाटियाहून कापड मार्केटला जातो, दुसरा गावाला. म्हणून ‘तापी-गिरणा यात्रा’ काढली. माझ्या मुलीने, सोनालीने, पुण्यात बसून जाहिरात तयार केली: ‘आयुष्यात एकदा पाहायलाच हवीत अशी ठिकाणं, घरच्या जेवणासह!’ ती शेपटी मला मुळीच पसंत नव्हती. नेमकी तीच मोठ्या अक्षरांत आहे.

चांपानेरच्या जामी मशिदीत दगडावर अशी नक्षी आहे, की मिलमध्ये तसलं एक डिझाइन निघालं असतं तर मालकाने मला डोक्यावर घेतलं असतं. मी माइक हातात धरून समजावून सांगतोय, तर हिलालअप्पा मध्येच म्हणाले, “मास्तर, ते सगळं ठीक शे, पन आज भाजी काय शे?” हे लिंबायतेत लूम चालवतात आणि माझी एकही खेप चुकवत नाहीत. सगळे फिदीफिदी हसले. बायांचं लक्ष तर केव्हाच पार्किंगकडून येणाऱ्या फोडणीच्या वासाकडे गेलं होतं. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात. या लोकांत विठोबाचा नंबरच लागत नाही.

स्वयंपाक सरलाकडे आहे, म्हणजे माझ्या बायकोकडे. बस थांबेल तिथं पार्किंगमध्ये ती आणि शेजारची कमल शेगडी मांडतात आणि लोक फिरून येईपर्यंत जेवण तयार ठेवतात. काल मी माणसं घेऊन निघालो तेव्हा सरला म्हणाली, “माले बी येवानं व्हतं तुमनासंगे.” म्हटलं, पुढच्या खेपेला. उघड्यावर पातेली सोडून कसं चालेल, तिथं कुत्री फिरतात.

१२ नोव्हेंबर

हिलालअप्पांची बायको सुषमाबाई सकाळी घरी आली. वाटलं, चांपानेरविषयी काही विचारेल. कढीत काय घातलं होतं ते विचारून गेली. गाढवाला गुळाची चव काय!

६ डिसेंबर

कच्छच्या रणातून परत. अंग आंबून गेलं आहे.

जिथवर नजर जाते तिथवर पांढरं, आणि त्याच्या टोकाला सूर्य बुडत होता. एवढ्या उजेडात माणसाने गप्प बसावं की नाही? आमच्या लोकांनी वेफर्सची पाकिटं फोडली. पोरींनी मोबाइलवर गाणं लावून त्याच त्या चार उड्या पुन्हा पुन्हा मारल्या. एका गृहस्थाने चपलेने मिठावर स्वतःचं आडनाव कोरलं आणि त्याचा फोटो काढला. हिलालअप्पांनी चिमूटभर मीठ चाखलं, “खारं शे” असा शोध लावला आणि तिथंच थुंकले. लाल पिचकारी, पांढऱ्या मिठावर. मी रंगात जन्म काढलेला माणूस, पण तो लाल रंग डोळ्यांसमोरून जात नाही.

मला भांडावंसं वाटलं. भांडलो नाही, कारण अप्पा आले नाहीत तर त्यांच्यामागून येणारी अर्धी बस येणार नाही.

रात्रीच्या बट्ट्या मात्र झकास झाल्या होत्या असं सगळे म्हणत होते. परतताना बसमध्ये सरलाला विचारलं, तुला पार्किंगमधून दिसलं ना रण? म्हणाली, “बायास्ना चपलास्ले मीठ लागेल व्हतं, ते दखं.” म्हणजे बायकांच्या चपलांना चिकटलेलं मीठ तिने पाहिलं. बरं झालं. निदान काहीतरी पाहिलं म्हणायचं.

१५ डिसेंबर

सोनालीचा फोन आला. “बाबा, आईने या दोन वर्षांत काय काय पाहिलं हो?” मी अभिमानाने सांगितलं, तुझी आई चांपानेरला गेली, रणात गेली, मोढेऱ्याला, हंपीला, बदामीला गेली. तुमच्या ऑफिसातल्या एकाही बाईने एवढा भारत पाहिला नसेल. सोनाली म्हणाली, “आईकडे द्या फोन.”

दोघी बराच वेळ हळू आवाजात बोलत होत्या. बाईमाणसांचं काय एवढं असतं कोण जाणे.

२० डिसेंबर

नाताळच्या सुट्टीत अजिंठा आणि लोणार. जाहिरात टाकल्या दिवशीच बस भरली. वर पाच-सहा लोक ताटकळत आहेत. मला गहिवरून आलं. म्हटलं, शेवटी अजिंठा तो अजिंठा, आपल्या लोकांनाही कळतं. दिवसभर फोन येत होते. एकीने विचारलं, शेवभाजी पहिल्या दिवशी की दुसऱ्या? दुसरीने विचारलं, भरीत कळण्याच्या भाकरीबरोबर आहे ना? लेण्यांविषयी एकाने विचारलं, तेही तिथं पायऱ्या किती चढाव्या लागतात म्हणून.

संध्याकाळी मिरच्या निवडता निवडता सरला म्हणाली, “यंदा मी वर जासू. लेणी देखसू.”

तिचं माहेर शेंदुर्णीचं, लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर म्हणा ना. लहानपणी तिचे बापू भावांना बैलगाडीतून लेणी पाहायला न्यायचे आणि पोरींना घरी ठेवायचे. तिथं उघडीवाघडी चित्रं आहेत, पोरींचं काय काम, असं म्हणायचे. एवढ्या जवळची लेणी तिने अजून पाहिलेली नाहीत, म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी हसलो. ती हसली नाही. म्हटलं, बरं, बघू.

२६ डिसेंबर, जळगाव, धर्मशाळा

आजच्यासारखा संताप मिल बंद पडली त्या दिवशीही आला नव्हता.

पारोळा जवळ आलं तसे बसमधले लोक उठून पिशव्या काढायला लागले. बायांनी सीटच्या आड जरीच्या साड्या चढवल्या. हिलालअप्पांनी खिशातून टोपी काढली. मला काही कळेना. अप्पाच खुलासा करते झाले, “मना पुतण्याना साखरपुडा शे ना आज. गाडी गाववरतून जाई राहिनी, मंग वेगळी गाडी कसाले?”

तर बस का भरली त्याचा उलगडा असा झाला. अजिंठा गेला खड्ड्यात! निम्म्या लोकांनी साखरपुड्याला जायची सोय म्हणून तिकिटं काढली होती. उरलेल्यांना अप्पा म्हणाले, तुम्ही काय गाडीत बसून राहणार, चला जेवायला. आणि गेले की सगळे! आमचा ड्रायव्हर निंबा सगळ्यांच्या आधी पत्रावळीवर बसला होता. मी मांडवाच्या दाराशी उभा. मांडवामागे पत्रावळींचा ढीग, त्यात डुकरं, आणि डुकरांच्या पलीकडे माझे प्रवासी बुंदी खात बसलेले. मलाही आग्रह झाला. मी हात जोडले.

एकटी सरला खुशीत होती. म्हणाली, आज सगळे तडस लागेपर्यंत जेवले, आता उद्या दुपारचं थोडक्यात भागेल, मला वर जाता येईल. अप्पांनी ते ऐकलं. लगेच म्हणाले, “नही हां वहिनी! उद्या भरीत शे, आम्ही त्यानासाठेच येल शेतस.”

मीही तिला समजावलं, की लोकांना शब्द दिला आहे. लोणारला जाशील. वांगी धुवून घ्यायला हवीत, एवढंच म्हणाली.

२७ डिसेंबर, फर्दापूर

हात भाजला आहे, तरी लिहितो.

लेण्यांपाशी आपली बस जात नाही. फर्दापूरला पार्किंगमध्ये सोडून सरकारी गाडीने पुढे जावं लागतं. सरला आणि कमलला तिथं शेगडी लावून दिली आणि सकाळीच माणसं घेऊन गेलो.

पहिल्या लेण्यात पद्मपाणी आहे. हातात निळं कमळ, डोळे खाली झुकलेले. त्याच्यासमोर मी निळ्या रंगाविषयी सांगायला लागलो. तो रंग दूरदेशच्या दगडाचा, किती लांबून आणलेला, आणि इतक्या शतकांत उडालेला नाही. आमच्या मिलमधला निळा तीन धुण्यांत जायचा. मागून कुणीतरी खणखणीत ढेकर दिली. कालच्या बुंदीची. पद्मपाणीच्या तोंडावर! एक पोरगा भिंतीला पाठ टेकून रील करत होता, त्याला पहारेकऱ्याने हाकललं. पुढच्या लेण्यांत तर कुणी आत यायलाच तयार होईना. बूट काढावे लागतात म्हणून. बाहेर कठड्यावर बसून माव्याच्या पुड्या फोडत राहिले आणि दर थोड्या वेळाने विचारत राहिले, भरीत झालं असेल का?

वैतागून सगळ्यांना खाली आणलं. पार्किंगमध्ये येऊन बघतो तर शेगडी थंड. वांगी ओळीने मांडून ठेवलेली. पीठ मळून, ओल्या फडक्याखाली झाकलेलं. सरला नाही, कमलही नाही. चहाच्या टपरीवाला म्हणाला, “तुमच्या दोन्ही बाया मघाशीच गेल्या. लाल गाडीत बसून, लेण्यांकडं.”

मला खरंच कळत नाही. चाळीस लोक उपाशी आणि ही बाई सहलीला?

मग जो गोंधळ झाला तो लिहायलाही किळस वाटते. पद्मपाणीसमोर जे दोन मिनिटं उभे राहिले नाहीत ते वांग्यांसाठी तासभर भांडले. “आम्ही का दगड देखाले येल शेतस का?” असं अप्पा सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले. शेजारी हॉटेलं होती. तिथं खा म्हटलं, तर म्हणाले, जाहिरातीत घरचं जेवण लिहिलंय. शेवटी मीच गॅस पेटवला. वांगी बाहेरून कोळसा झाली आणि आतून कच्ची राहिली. भाकरी थापायला गेलो तर ती हातातच तुटली. मग दुसरी तुटली. तवा उचलताना बोटं भाजली. लोक माझं भरीत चाखून थुंकत होते. माझ्याच ताटांत.

ऊन उतरायला लागलं तेव्हा दोघी सरकारी गाडीतून उतरल्या. घाई नाही, की तोंडावर काही नाही. कमल तर चक्क हसत होती. म्हणाली, “मले बी पाहाचं व्हतं ना भाऊ!” मी सरलाला सगळ्यांसमोर विचारलं, तुला लाज नाही वाटली?

तिने आधी तोंड धुतलं. मग बसच्या पायरीवर बसली. म्हणाली, सतरा नंबरमध्ये एक बाई आहे, आरसा घेऊन बसलेली. तिच्या दोन्ही बाजूंना दोघी जणी उभ्या आहेत, तिच्या दिमतीला. “मी तठे बसनू. लई येळ बसनू. कोनी माले काहीच मांगं नही.”

कुणी मला काही मागितलं नाही, म्हणे. अजिंठ्याची लेणी! जगातून लोक समुद्र ओलांडून येतात ती पाहायला, आणि हिला सांगावंसं काय वाटलं तर हे! मी म्हटलं, ते राहू दे, लोक भुकेले आहेत. ती म्हणाली, “माले बी भूक लागनी.” आणि पिशवीतून केळं काढून सोलायला लागली.

अप्पा काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात सुषमाबाई नवऱ्याकडे न बघता पदर खोचून शेगडीपाशी गेली. तिच्यामागे आणखी दोघी-तिघी गेल्या. बायकांनी खिचडी टाकली. सरलाला पहिली वाटी त्यांनीच नेऊन दिली. ही अशी बंडाळी मी कधी पाहिली नव्हती.

२९ डिसेंबर

घरी. लोणार या खेपेला मी पाहिलंच नाही. बायांनी सकाळीच जाहीर केलं की सरलावहिनी आमच्याबरोबर विवरात उतरणार. मग शेगडीजवळ मी आणि निंबा. निंबा नुसता झोपला. मी भाताला पहारा देत बसलो. तळ्याचा खारट कुबट वास तेवढा वर येत होता.

सरलाशी बोलणं जेवढ्यास तेवढं.

५ जानेवारी

पाटणला राणीनी वाव, म्हणजे राणीची पायऱ्यांची विहीर. पुढच्या आठवड्यात निघायचं आहे. सरलाने आज चहाचा कप पुढे ठेवून सांगितलं, “मनं आन् कमलनं तिकीट काढा. माले खिडकी पाहिजे.”

म्हटलं, मालकाच्या बायकोला तिकीट कशाला? म्हणाली, तिकीट असलं म्हणजे कुणी उठवत नाही.

मग म्हटलं, स्वयंपाक? त्यावर ती उठून गेली.

पर्वत पाटियाच्या नाक्यावर स्वयंपाकी मिळतात, तिथं तीन फेऱ्या मारल्या. एकाचे हात बघितले, नखांत मळ. दुसरा बोलता बोलता तिथंच शिंकरला. तिसरा म्हणाला, जास्त नखरे असतील तर दुसरा बघा. हिलालअप्पांना कुठूनशी कुणकुण लागली. फोनवर म्हणाले, वहिनी रांधणार नसतील तर आमची माणसं येणार नाहीत. लगेच मागून सुषमाबाईचा आवाज, “तुम्ही नका येऊ. आम्ही बाया जाई राहिनू.” फोन धाडकन बंद झाला.

बस अर्धी रिकामी. अर्धी भरली आहे ती बायांनी. मी सोनालीला फोन करून म्हटलं, जाहिरातीतली ती शेपटी काढून टाक. तिने लगेच काढली. आता जाहिरातीत नुसती ठिकाणं आहेत. मला हेच हवं होतं, आणि आता ती जाहिरात वाचवत नाही.

शेवटी ठरवलं, मीच रांधणार. जन्मभर रंग घोटले, भाजी काय अशी मोठी अवघड आहे?

१२ जानेवारी, पाटण, बसमध्ये

सकाळी सगळ्या बाया उतरल्या. अप्पा आलेच आहेत शेवटी. बायकोच्या मागे, तिची पिशवी धरून. सरलाने ती चिंतामणी रंगाची साडी नेसली होती, जी मी पूर्वी मिलमधून आणली होती आणि तिने कधी नेसली नव्हती. रंग अजून टिकून आहे. तिने माझ्याकडे हात पुढे केला. मला वाटलं, निरोप घेते आहे. तिकीट मागत होती.

मी शेगडी मांडली. पहारेकरी आला, “काका, अहीं रसोई नहीं करवानी.” त्याच्या हातापाया पडलो, तेव्हा त्याने संडासाच्या भिंतीमागची जागा दाखवली. तिथं गेलो. फिनाइल, मूत आणि फोडणी यांचा एकत्र वास काय असतो ते आज कळलं. माश्या पातेल्यावर आणि पातेल्यावरून माझ्या ओठावर बसत होत्या. कांदा कापताना नाक गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. दोन्ही वर्षं प्रत्येक ठिकाणी अशीच जागा असेल का, की आजच वाईट मिळाली? निंबाला विचारलं. तो म्हणाला, “काका, आजची तर बरी आहे. हंपीला गटारीवर फळ्या टाकल्या होत्या.” मला कुणी सांगितलं नव्हतं.

वाव जमिनीच्या पोटात आहे. पार्किंगमधून ना खांब दिसतात, ना मूर्ती. सपाट हिरवळ दिसते आणि त्या हिरवळीत माणसं उतरत जातात. आधी पाय जातात, मग कंबर, मग डोकं. मी भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा गेलो तेवढ्यात भात लागला.

अप्पा सगळ्यांत आधी वर आले. नाक धरून शेगडीपाशी उभे राहिले आणि भाजीचं झाकण उचलून पुन्हा ठेवलं. मग एकेक बाई वर आली. बोलत होत्या, एकमेकींना हात धरून काहीतरी दाखवत होत्या, खाली कुठली मूर्ती कशी उभी आहे ते स्वतः तसं उभं राहून करून दाखवत होत्या. जेवणाविषयी कुणी विचारलं नाही. मी माइक घरीच ठेवून आलो होतो.

सुषमाबाईला विचारलं, सरला कुठंय?

“खालीच शे. एक एक मूर्ती देखी राहिनी. बलावू का तिले?”

भाजीत मीठ टाकलं की नाही ते मला आठवत नव्हतं, आणि त्या वासात चाखून बघण्याची छाती होत नव्हती. सरलाने लांबून रंगावरून सांगितलं असतं. तेवढ्यासाठी बोलवा म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं.

म्हटलं, नको. पाहू द्या तिला.

भाजी अळणी झाली होती. सगळ्यांनी वरून मीठ घेतलं.